ड्रेड स्कॉट : भूमि स्वतंत्र, मनुष्य परतंत्र

अमेरिकेंतील गोरे लोक अटलांटिक महासागराचा किनारा सोडून पश्चिमेकडे कसे सरकत गेले, रानें तोडून त्यांनीं शेतें कशीं केलीं आणि नद्यांच्या कांठीं शहरें कशीं उभारलीं, ही हकीकत आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. ती वाचतांना त्या लोकांचें साहस व त्यांची चिकाटी यांविषयीं मनांत आदर उत्पन्न होतो, आणि तो आदर अस्थानीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यांच्या गाड्यांच्या मागून आणखीहि कांहीं माणसें चालत होतीं. पश्चिमेची वाट त्यांनीं निवडलेली नव्हती. ती त्यांच्या मालकांनीं निवडली होती. नवी जमीन मोकळी करण्यांत त्यांचे हात झिजले, पण त्या जमिनीचा एक वाफाहि त्यांच्या नांवावर चढला नाहीं. अशा माणसांपैकीं एकाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्याचें नांव ड्रेड स्कॉट. त्याला लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यानें सैन्य चालविलें नाहीं कीं सभा गाजविल्या नाहींत. आपणांस ज्या ज्या भूमीवर नेण्यांत आलें त्या त्या भूमीचा कायदा आपणांसहि लागू आहे काय, एवढाच प्रश्न त्यानें न्यायालयास विचारला, आणि अकरा वर्षें तो विचारणें सोडलें नाहीं. त्या प्रश्नाचें जें उत्तर मिळालें, त्यानें एक बलाढ्य राष्ट्र दुभंगण्याच्या वाटेस लागलें.

ड्रेडचा जन्म व्हर्जिनियांतील साउथॅम्प्टन परगण्यांत १७९९ च्या सुमारास झाला. नक्की तिथि सांगतां येत नाहीं, कारण गुलामांच्या जन्मतिथि जपून ठेवण्याची गरज मालकांस वाटत नसे. त्यांची नोंद मालकाच्या जिंदगीच्या यादींत गुराढोरांच्या शेजारीं व्हावयाची. त्याचा मालक पीटर ब्लो हा एक शेतकरी होता. त्या वेळीं अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यास पंचवीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. मनुष्यमात्र समान आहे हें तत्त्व ज्या राष्ट्रानें जगापुढें मांडलें, त्याच राष्ट्राच्या राज्यघटनेंत प्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलाम म्हणजे तीन माणसें असा हिशेब घातलेला होता. १७९० च्या पहिल्या खानेसुमारींत गुलामांची संख्या सुमारें ७ लक्ष भरली. ही प्रथा कालांतरानें आपोआप मरेल, तिच्यावर घाव घालण्याची घाई नको, असें त्या काळच्या पुष्कळ विचारी पुरुषांस वाटत होतें. परंतु १७९३ सालीं ईलाय व्हिटनी यानें कापसांतील सरकी काढण्याचें यंत्र तयार केलें, इंग्लंडांतील गिरण्यांची कापसाची भूक वाढत गेली, आणि मरूं घातलेल्या प्रथेंत नवा जीव आला. परदेशांतून गुलाम आणण्यास १८०८ पासून बंदी झाली खरी. पण देशांतल्या देशांत त्यांची विक्री व ने-आण वाढतच राहिली. पुढील अर्ध्या शतकांत सुमारें १० लक्ष गुलामांस जुन्या राज्यांतून उचलून दक्षिणेच्या व पश्चिमेच्या नव्या मुलखांत नेण्यांत आलें, आणि १८६० पर्यंत गुलामांची एकूण संख्या ३९ लक्षांवर गेली. काळावर सोंपविलेला अन्याय काळ कमी करितो, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे.

१८१८ सालीं पीटर ब्लो यानें आपलीं बायकामुलें व आपले गुलाम घेऊन अलाबामाची वाट धरली. तंबाखूच्या पिकानें व्हर्जिनियांतील पुष्कळ जमिनी निःसत्त्व झाल्या होत्या, आणि पश्चिमेकडे कापसाचें सोनें पिकतें अशी हवा होती. उत्तर अलाबामांतील ती जमीन थोड्याच वर्षांपूर्वीं चेरोकी व चिकसॉ या मूळच्या रहिवाशांकडून गोऱ्यांच्या हातीं आलेली होती; पुढें १८३० सालीं कायदा करून या लोकांस मिसिसिपी नदीच्या पलीकडे घालवून देण्याची तजवीज झाली. म्हणजे एकाची भूमि घ्यावयाची आणि दुसऱ्याचें अंग राबवून ती कसावयाची, असा तो दुहेरी व्यवहार होता. ब्लो यास कापसाची शेती साधली नाहीं. १८३० सालीं तो पुन्हां बिऱ्हाड हालवून मिसोरी राज्यांतील सेंट लुई या शहरीं आला व तेथें उतारूंसाठीं खाणावळ चालवूं लागला. मालकाचें दैव फिरलें कीं गुलामाचा मुलूख फिरावयाचा, हा नियमच होता. १८३२ सालीं पीटर ब्लो मरण पावला आणि त्या सुमारास ड्रेडची विक्री झाली. विकत घेणारा गृहस्थ डॉ. जॉन एमर्सन हा लष्करांत डॉक्टर होता.

येथें त्या देशाच्या कायद्याची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. कारण ड्रेडचें पुढील सर्व आयुष्य त्या कायद्यानें आंखलेल्या रेषांवरून इकडून तिकडे गेलेलें आहे. ओहायो नदीच्या उत्तरेकडील मुलखांत गुलामगिरी असूं नये असें १७८७ सालींच ठरलेलें होतें, आणि त्या मुलखांतून निघालेलें इलिनॉय राज्य १८१८ सालीं स्वतंत्र राज्य म्हणून संघांत आलें. १८०३ सालीं फ्रान्सकडून मिसिसिपीच्या पश्चिमेचा अफाट प्रदेश विकत घेण्यांत आला, तेव्हां तेथें गुलाम न्यावे कीं नाहीं हा वाद उपस्थित झाला. त्या वादावर १८२० सालीं तेथील काँग्रेसनें, म्हणजे मध्यवर्ती कायदेमंडळानें, तडजोड काढली : मिसोरी राज्यांत गुलामगिरी चालावी, परंतु त्या प्रदेशाच्या बाकीच्या भागांत साडेछत्तीस अंश अक्षांशाच्या उत्तरेस ती कायमची बंद असावी. नकाशावर एक रेघ ओढली, आणि प्रश्न मिटला असें मुत्सद्द्यांनीं मानलें. पण माणसें नकाशावर राहत नाहींत. तीं रेघ ओलांडून जातात, आणि मालकानें नेलें तर गुलामहि ती ओलांडतो. रेघेच्या पलीकडे गेलेला गुलाम कोण, याचें उत्तर त्या तडजोडींत नव्हतें.

१८३३ सालीं डॉ. एमर्सनची नेमणूक इलिनॉय राज्यांतील रॉक आयलंड येथील आर्मस्ट्राँग नांवाच्या किल्ल्यावर झाली. त्यानें ड्रेडला बरोबर नेलें. जेथें कोणीहि गुलाम असूं शकत नाहीं असें राज्याची घटना सांगते, तेथें ड्रेड दोन वर्षांहून अधिक काळ गुलाम म्हणून राबला. १८३६ सालीं एमर्सनची बदली आणखी उत्तरेस, मिसिसिपी व मिनेसोटा या नद्यांच्या संगमावरील स्नेलिंग किल्ल्यावर झाली. ती भूमि डकोटा लोकांची; कायद्यानें पाहिलें तर साडेछत्तीस अंशांच्या बरीच उत्तरेकडील, म्हणून तेथेंहि गुलामगिरी निषिद्ध. तरी त्या किल्ल्यावरील कित्येक लष्करी अधिकाऱ्यांच्या घरीं गुलाम होते, आणि कायद्याची अंमलबजावणी ज्यांनीं करावयाची तेच कायदा मोडीत होते.

याच ठिकाणीं ड्रेडची हॅरिएट रॉबिन्सन या तरुण स्त्रीशीं गांठ पडली. मूळ रहिवाशांशीं व्यवहार पाहण्यासाठीं सरकारनें नेमलेला लॉरेन्स टॅलिआफेरो नांवाचा अधिकारी तिचा मालक. त्यालाच मॅजिस्ट्रेटचा अधिकार असल्यामुळें त्यानें स्वतः ड्रेड व हॅरिएट यांचा विवाह लावून दिला. कायद्याचें शिक्षण झालेल्या मनुष्यास ही गोष्ट सहज सोडून देतां येत नाहीं. गुलामास करार करण्याची पात्रता नसते आणि कायदेशीर विवाह हा करार आहे. म्हणून गुलामांचे संबंध त्या काळीं कायदा विवाह म्हणून मानीत नसे. असें असतां एका सरकारी अधिकाऱ्यानें रीतसर विधि करून हें लग्न लाविलें. त्या क्षणापुरतें तरी तीं दोघें मनुष्यें होतीं असें सरकारनेंच मान्य केल्यासारखें झालें. परंतु विवाहानंतर हॅरिएट एमर्सनच्या ताब्यांत गेली, आणि तिची गुलामगिरी तशीच चालू राहिली.

पुढें एमर्सनची नेमणूक दक्षिणेस लुइझिआना येथें झाली. तेथें १८३८ सालीं त्यानें आयरीन सँफर्ड नांवाच्या स्त्रीशीं लग्न केलें व नवराबायकोस आपल्याकडे बोलावून घेतलें. कांहीं महिन्यांतच सर्व मंडळी पुन्हां आगबोटीनें स्नेलिंगकडे निघाली. त्या प्रवासांत, मिसोरी राज्याची उत्तर सीमा मागें पडल्यावर, जिप्सी नांवाच्या आगबोटीवर हॅरिएटला मुलगी झाली. तिचें नांव एलायझा. नदीच्या दोन्हीं तीरांवर गुलामगिरीस मनाई, आणि मधल्या प्रवाहावर जन्मलेलें मूल मात्र जन्मतः मालकाची जिंदगी! पुढें दुसरी मुलगी लिझी ही मिसोरींत जन्मली.

कोणी विचारील कीं, स्वतंत्र भूमीवर वर्षानुवर्षें राहत असतां ड्रेडनें तेथेंच आपला हक्क कां मागितला नाहीं? हा प्रश्न दुबळ्यांच्या बाबतींत सबळ लोक नेहमींच विचारीत आले आहेत. कायदा आपण होऊन कोणाच्या दाराशीं जात नसतो. त्यास कोणी तरी बोलवावें लागतें, आणि बोलविणाऱ्यास वकील पाहिजे, साक्षीदार पाहिजेत, व दाव्याच्या काळांत पोट भरण्याचें साधन पाहिजे. शेंकडों मैल दूरच्या लष्करी ठाण्यांत, जेथील अधिकारीच गुलाम बाळगीत, तेथें निरक्षर मनुष्यानें दाद मागावयाची ती कोणापाशीं?

१८४० सालीं स्कॉट कुटुंब सेंट लुई येथें परत आलें. १८४३ सालीं डॉ. एमर्सन वारला, आणि त्याची विधवा नवराबायकोस दुसऱ्यांकडे कामास लावून त्यांच्या मजुरीचा पैसा घेऊं लागली. ड्रेडनें ३०० डॉलर देऊन आपलें व आपल्या माणसांचें स्वातंत्र्य विकत घेण्याची तयारी दाखविली. बाईनें ती नाकारली. तेव्हां ६ एप्रिल १८४६ रोजीं ड्रेड व हॅरिएट यांनीं सेंट लुईच्या न्यायालयांत दोन निरनिराळे दावे दाखल केले. सही करतां येत नसल्यामुळें ड्रेडनें अर्जावर फुलीची निशाणी केली. हॅरिएटचा दावा निराळा असण्यास सबळ कारण होतें. मूल आईच्या स्थितीस जातें असा त्या देशांतील गुलामगिरीचा कायदा असल्यामुळें दोन्हीं मुलींचें भवितव्य आईच्या दाव्यावर लोंबकळत होतें.

हे दावे वेडेपणाचे नव्हते, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. गुलाम म्हणून अडकवून ठेवलेल्या मनुष्यास स्वातंत्र्यासाठीं फिर्याद करण्याची मुभा मिसोरीच्या कायद्यांतच होती, आणि सेंट लुईच्या न्यायालयांत अशा ३०० च्या वर फिर्यादी झालेल्या आहेत. फिर्यादीचा प्रकारहि लक्षांत घेण्याजोगा होता. मालकानें आपणांस मारझोड केली व अन्यायानें अटकेंत ठेविलें असें वादीनें म्हणावयाचें. वादी स्वतंत्र ठरला तर तो अपराध, आणि गुलाम ठरला तर तो मालकाचा हक्क! मालकानें गुलामास स्वतंत्र भूमीवर राहावयास नेलें तर तो स्वतंत्र होतो, व एकदां मिळालेलें स्वातंत्र्य मिसोरींत परत आल्यानें जात नाहीं, असें मिसोरीच्या वरिष्ठ न्यायालयानें १८२४ पासून अनेकदां ठरविलें होतें. १८३६ सालीं रेचेल नांवाच्या स्त्रीच्या खटल्यांत तर लष्करी अधिकाऱ्यानें तिला याच स्नेलिंग किल्ल्यावर नेलें होतें, आणि ती स्वतंत्र ठरली होती. ड्रेडचा खटला यापेक्षां कणभरहि दुबळा नव्हता. मालकानें त्याला जेथें जेथें फिरविलें, त्या सक्तीच्या प्रवासाचा नकाशा हाच त्याचा पुरावा होता.

१८४७ सालीं पहिली सुनावणी झाली आणि दावा हरला. कारण ऐकून वाचकांस हंसावें कीं रडावें असें होईल. स्कॉट मंडळी एमर्सनबाईच्या ताब्यांत गुलाम म्हणून आहेत हें सिद्ध करण्यासाठीं बोलाविलेल्या साक्षीदारानें उलटतपासणींत सांगितलें कीं, त्यांना कामास ठेवण्याचें बोलणें आपल्या पत्नीनें केलें, आपण केवळ पैसे दिले. झालें! पुरावा ऐकीव ठरला. ड्रेड बाईचा गुलाम आहे हें सिद्ध झालें नाहीं, एवढ्यासाठीं तो बाईचा गुलामच राहिला. पुन्हां सुनावणीची परवानगी मिळाली आणि १८५० च्या जानेवारींत ज्यूरीनें ड्रेडच्या बाजूनें निकाल दिला. चार वर्षांच्या धडपडीनंतर तीं चौघें कायद्यानें स्वतंत्र झालीं. परंतु बाईनें अपील केलें, आणि १८५२ सालीं मिसोरीच्या वरिष्ठ न्यायालयानें दोन विरुद्ध एक अशा मतानें तो निकाल फिरविला. पूर्वीचे निर्णय चुकीचे होते असें त्यांतील बहुमतानें दाखविलें नाहीं; काळ बदलला आहे, उत्तरेकडील लोक आमच्या प्रथेवर उठले आहेत, तेव्हां त्यांच्या कायद्यास आम्ही मान देणार नाहीं, असा एकूण मथितार्थ होता. विरुद्ध मत देणारे मुख्य न्यायाधीश हॅमिल्टन गँबल हे स्वतः गुलाम बाळगणारे गृहस्थ होते. तथापि हवा फिरली म्हणून कायदा फिरत नाहीं हें त्यांनीं निर्भयपणें नमूद केलें.

काळ बदलला होता हें खोटें नव्हे. १८४६ ते १८४८ च्या युद्धांत मेक्सिकोचा मोठा मुलूख अमेरिकेनें जिंकला, आणि प्रत्येक नव्या प्रदेशाबरोबर जुना प्रश्न नव्यानें उभा राहिला. १८५० सालीं पुन्हां तडजोड झाली. तिच्यांत पळून गेलेल्या गुलामास पकडून देण्याचा कडक कायदा आला. १८५४ सालीं स्टीफन डग्लस यांनीं पुढें आणलेल्या कायद्यानें साडेछत्तीस अंशांची जुनी रेघ पुसण्यांत आली व कॅन्सस आणि नेब्रास्का येथील वसाहतवाल्यांनींच आपला प्रश्न सोडवावा असें ठरलें. त्यांनीं तो बंदुकींनीं सोडविण्यास सुरुवात केली. ज्या पश्चिमेकडे लोक नवें आयुष्य शोधीत गेले, तेथें जुनें पाप त्यांच्या आधींच जाऊन बसलें होतें.

या दरम्यान ड्रेडच्या दाव्यास मध्यवर्ती न्यायालयाचा मार्ग सांपडला. एमर्सनबाईचा भाऊ जॉन सँफर्ड याच्या ताब्यांत स्कॉट कुटुंब आहे असें पुढें आलें, आणि तो न्यूयॉर्कचा रहिवासी होता. दोन निरनिराळ्या राज्यांच्या नागरिकांमधील कज्जा मध्यवर्ती न्यायालयांत चालतो. रॉसवेल फील्ड या वकिलानें फी न घेतां १८५३ सालीं दावा लाविला. पीटर ब्लोचे मुलगे, ज्यांच्या घरीं ड्रेडनें तारुण्य घालविलें होतें, ते या काळांत त्याच्या पाठीशीं पैशानें उभे राहिले. खालच्या न्यायालयांत हार झाल्यावर प्रकरण वॉशिंग्टन येथील सर्वोच्च न्यायालयांत गेलें आणि १८५६ सालीं दोनदां त्यावर वाद झाला. ड्रेडच्या बाजूनें मॉन्टगोमेरी ब्लेअर हे उभे होते. नऊ न्यायाधीशांपैकीं पांच गुलामगिरी चालू असलेल्या राज्यांतील होते. नवे अध्यक्ष जेम्स बुकॅनन यांनीं आधींच न्यायाधीशांशीं पत्रव्यवहार करून निकालाचें वळण जाणून घेतलें होतें. आणि ४ मार्च १८५७ रोजीं अधिकारावर येतांना, न्यायालय जो निर्णय देईल तो सर्वांनीं मुकाट्यानें मानावा असा त्यांनीं राष्ट्रास उपदेश केला.

दोनच दिवसांनीं, ६ मार्च १८५७ रोजीं, मुख्य न्यायाधीश रॉजर टॉनी यांनीं निकाल वाचला. सात विरुद्ध दोन अशा मतानें ड्रेड हरला. टॉनी यांच्या निर्णयाचीं मुख्य अंगें तीन. एक, गुलामांचे वंशज, मग ते स्वतंत्र असोत वा नसोत, राज्यघटनेच्या अर्थानें नागरिक नव्हेत. म्हणून त्यांस मध्यवर्ती न्यायालयांत दावा लावण्याचाच अधिकार नाहीं. दोन, गुलाम ही मालमत्ता होय व मालमत्तेस घटनेचें संरक्षण आहे. म्हणून नव्या मुलखांत गुलामगिरीस मनाई करणारा १८२० चा कायदा पहिल्यापासूनच रद्द. तीन, ड्रेड कोठेंहि राहिला असला तरी त्याची स्थिति मिसोरीच्या कायद्यानें ठरेल. न्यायाधीश जॉन मॅकलीन व बेंजामिन कर्टिस यांनीं विरोधी मतें दिलीं. राष्ट्र स्थापन झालें त्या काळीं पांच राज्यांत स्वतंत्र कृष्णवर्णी पुरुषांस मताचा अधिकार होता, म्हणजे घटना निर्माण करणाऱ्या लोकांत तेहि होते, हें कर्टिस यांनीं पुराव्यानिशीं दाखविलें. आणि त्याच वर्षीं त्यांनीं न्यायासन सोडलें.

टॉनी हे कोणी राक्षस नव्हते, ही गोष्ट आम्हांस अधिक विचार करण्यासारखी वाटते. त्यांनीं आपले स्वतःचे गुलाम पूर्वींच मुक्त केले होते. ऐंशीच्या घरांत असलेला हा विद्वान कायदेपंडित खासगी जीवनांत दया दाखवूं शकला, पण न्यायासनावर बसून त्याच माणसांचें मनुष्यत्व त्यानें नाकारलें. दया ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ती आज मिळते, उद्यां मिळत नाहीं. हक्क मर्जीवर नसतो. दुबळ्यांवर दया करण्यास तयार असलेले कित्येक सज्जन त्यांचा हक्क म्हटला कीं अंग कां चोरतात, याचा उलगडा टॉनी यांच्या उदाहरणानें होतो.

या प्रकरणाचा शेवटहि तितकाच विलक्षण आहे. एमर्सनबाईनें १८५० सालीं पुनर्विवाह केला होता, आणि तिचे दुसरे पति कॅल्विन चॅफी हे मॅसॅच्युसेट्समधून निवडून आलेले, गुलामगिरीचे कडवे विरोधक म्हणून प्रसिद्ध असलेले काँग्रेसचे सभासद होते! देशांतील सर्वांत नांवाजलेला गुलाम आपल्याच घरच्या मालकीचा आहे हें उघड होतांच त्यांची मोठी कुचंबणा झाली. गुलामास मिसोरींत मुक्त करण्यासाठीं मालक तेथील असणें अवश्य, म्हणून स्कॉट कुटुंबाची मालकी टेलर ब्लो याच्या नांवें करून देण्यांत आली, आणि त्यानें २६ मे १८५७ रोजीं चौघांस मुक्तिपत्र दिलें. दाव्याच्या काळांत सरकारी देखरेखीखालीं सांठलेली त्यांची मजुरी मात्र मालकिणीच्याच पदरीं पडली. मुक्त झाल्यावर ड्रेड सेंट लुईंतील एका हॉटेलांत हमालाचें काम करूं लागला व हॅरिएट धुणें धुवून संसारास हातभार लावूं लागली. हें सुख सव्वा वर्षच टिकलें. १७ सप्टेंबर १८५८ रोजीं क्षयानें ड्रेडचा अंत झाला. हॅरिएट १८७६ पर्यंत जगली. नवऱ्याला न दिसलेला गुलामगिरीचा शेवट तिनें डोळ्यांनीं पाहिला.

गुलामगिरीचा प्रश्न आतां कायमचा मिटला, अशी ६ मार्चच्या निकालाकर्त्यांची कल्पना होती. घडलें उलटें. नव्या मुलखांत गुलामगिरीस बंदी करणें हेंच ज्या नव्या रिपब्लिकन पक्षाचें ध्येय होतें, त्याचें ध्येयच घटनाबाह्य ठरल्यानें तो पक्ष दबला नाहीं, चवताळून उठला. गुलामींतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनीं त्याच मे महिन्यांतील भाषणांत, हा निकालच गुलामगिरीचा अंत जवळ आणील अशी आशा प्रकट केली. १८५८ सालीं इलिनॉयमध्यें अब्राहम लिंकन यांनीं या निकालावर सभेमागून सभेंत टीका केली. १८६० सालीं ते अध्यक्ष निवडून आले, आणि १८६१ सालीं त्यांस पदाची शपथ देण्याचें काम टॉनी यांनाच करावें लागलें. त्यानंतरच्या चार वर्षांच्या यादवींत सहा लक्षांहून अधिक माणसें पडलीं. १८६२ सालीं काँग्रेसनें नव्या मुलखांतील गुलामगिरी बंद केली, १८६५ सालीं घटनेच्या तेराव्या दुरुस्तीनें ती सर्व देशांतून गेली, आणि १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीनें त्या भूमीवर जन्मलेला मनुष्य नागरिक ठरला. ड्रेडनें जें एका फुलीच्या निशाणीनें मागितलें होतें, तें द्यावयास राष्ट्रास एवढें रक्त सांडावें लागलें.

या हकीकतीशीं आपला संबंध केवळ वाचनाचा नाहीं. निकालाचें साल १८५७. त्याच सालीं आपल्या देशांत परकी सत्तेविरुद्ध रण पेटलें. पुढें यादवीमुळें अमेरिकेचा कापूस इंग्लंडांत पोंचेनासा झाला तेव्हां आपल्या कापसाचे भाव कडाडले. मुंबईंत पैशाचा पूर आला, आणि १८६५ सालीं युद्ध थांबतांच मोठमोठ्या पेढ्यांचीं दिवाळीं निघालीं. बाजारानें त्या युद्धांत कापसाचा भाव पाहिला. त्यांतील अर्थ पाहिला तो पुण्याच्या जोतीराव फुले यांनीं. १८७३ सालीं प्रसिद्ध केलेला आपला गुलामगिरी हा ग्रंथ त्यांनीं, गुलामांस दास्यांतून सोडविण्याबद्दल, अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला. समुद्रापलीकडील मनुष्याच्या बेड्या आणि आपल्या गांवाबाहेर राहणाऱ्या मनुष्याच्या बेड्या एकाच धातूच्या आहेत, हें त्यांनीं ओळखलें होतें.

आपण परकी सत्तेपाशीं हक्क मागितला, दया मागितली नाहीं. मग आपल्याच समाजांतील ज्यास आपण शतकानुशतकें दूर ठेविलें, त्यानें हक्क मागितला असतां त्यास धीर धरण्याचा उपदेश कोणत्या तोंडानें करावा? ड्रेड स्कॉटच्या देशानें धीर धरला, तडजोडी केल्या, रेघा ओढल्या. आणि प्रत्येक तडजोडीचें व्याज गुलामांनीं भरलें व मुद्दल अखेर सर्व राष्ट्रानें भरलें. भूमि स्वतंत्र झाली म्हणजे तीवरील मनुष्य आपोआप स्वतंत्र होत नाहीं, हें स्नेलिंग किल्ल्यावर राबणाऱ्या त्या निरक्षर मनुष्यानें जगास दाखविलें. आपल्या गांवांतील पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर आणि कचेरीच्या दारांत कोणी आजहि असाच तिष्ठत उभा नाहीं ना, हें प्रत्येक वाचकानें उद्यां सकाळीं घराबाहेर पडतांना स्वतः पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.